जावयाची गाडी अर्ध्यापोटी उठू नये

प्रकाशा, ता. शहादा

चि. नवनीत यास दाजीचे अनेक आशीर्वाद.

आम्ही दोघं इकडे मजेत आहोत. माझा गुडघा वाकायचा तेवढा वाकतो, उरलेलं तुझी ताई टोमणे मारून वाकवते. आमच्या सासूबाईंचा खोकला आता कसा आहे? चारुलता बरी असेल, तुझी पिठाची गिरणीही ठणठणीत असेल. फोन हाताशी असताना हा माणूस पत्र का लिहितोय, असं तुला वाटेल. बाबा रे, फोन स्पीकरवर टाकल्याशिवाय मला ऐकू येत नाही, आणि स्पीकरवर टाकला की तुझ्या ताईलाच काय, अख्ख्या गल्लीला ऐकू जातं. हा विषय जरा नाजूक आहे. म्हणून हे पत्र मिरचीच्या पिशवीत घालून अक्कलकुव्याच्या बसने पाठवतोय.

विषय आहे घरी चार्जर बसवावा की नाही हा. तुझ्या भाच्याने, हेमकांतने, सुरतेहून ही विजेची गाडी पाठवली, तेव्हा सोबत भिंतीवर लावायच्या चार्जरचं खोकंही आलं. ते अजून फोडलेलं नाही. (सध्या त्यावर पापडाचा डबा आहे आणि डब्यावर मांजर.) पहिल्याच दिवशी मी शहाणपणा करून घरघंटीच्या प्लगात गाडीची वायर खुपसली होती. आपली वायरिंग वडिलांच्या वेळची. गाडीने एक घोट घेतला आणि फ्यूज उडाला. नेमकी त्या वेळी शेजारची मंडळी आमच्याकडे क्रिकेट बघायला बसली होती आणि शेवटचं षटक चालू होतं. तेव्हापासून गल्लीत त्या गाडीकडे कोणी सरळ नजरेने बघत नाही.

सल्ले मात्र भरपूर मिळाले. आम्ही मध्ये तोरणमाळला जाऊन आलो. घाट चढताना बॅटरी अशी उतरली की तुझ्या ताईने मारुतीला नारळ बोलून टाकला. उतरताना थोडी परत भरली. हे मी कौतुकाने पारावर सांगितलं, तर लोक म्हणाले, मग चार्जर कशाला हवा, रोज तोरणमाळ उतरत जा. वर चढायचं कसं, हे कोणी विचारलं नाही. हायवेवरच्या हॉटेलात एक चार्जर आहे, पण त्याच्यासमोर बहुतेक वेळा ट्रक उभा असतो आणि ट्रकाखाली ड्रायव्हर झोपलेला असतो. झोपलेल्या माणसाला उठवू नये, असं आपल्याकडे मानतात.

शेवटी हेमकांतच्या तगाद्यामुळे वायरमनला बोलावलं. त्याने चहा घेतला, भिंत ठोकून बघितली आणि अर्थिंगसाठी अंगणात खड्डा करून त्यात कोळसा व मीठ टाकावं लागेल असं सांगितलं. तुझी ताई म्हणाली, लोनचं घालनं शे का? पुढच्या खेपेला त्याने दुसरी भिंत पसंत केली. (ती शेजाऱ्यांची निघाली.) आता जागा ठरली आहे, खड्ड्याची खूण झाली आहे, आणि रविवारी काम सुरू करू का म्हणून तो विचारतोय.

आणि इथेच माझं घोडं अडलंय. घरी सोय नाही म्हणून आम्ही एक रविवार सोडून दुसऱ्या रविवारी तुझ्याकडे येतो आणि गिरणीच्या प्लगवर गाडी लावतो. (निळी गाडी येते, पिठाने पांढरी होऊन जाते, ते सोड.) हेमकांतने बजावलंय की बॅटरी शंभरात ऐंशी झाली की पुरे. पण मी वायर काढायला गेलो की सासूबाई आतून ओरडतात, ''जवाई अर्धा पोटे उठना तर लोके काय म्हनतीन? ऱ्हाऊ दे ती वायर!'' पुरणपोळीचा आग्रह मी आजवर खूप सोसला, पण बॅटरीला आग्रह करणारं घर मी हेच पाहिलं. मग चारुलता खापर पुन्हा चुलीवर चढवते, मांडे होतात, गाडी शंभर होते, आणि मी एकशे वीस.

तेवढ्या वेळात तुझी ताई ओट्यावर आईचे केस विंचरत बसते. म्हणजे भांडत बसते. ''मन्हा वाटाना लाडू तू नवनीतले दिधा व्हता,'' हा तिच्या वाट्याच्या लाडवाचा खटला मी निदान चार वेळा ऐकलाय आणि निकाल अजून लागलेला नाही. लग्न झाल्यापासून ही बाई आखाजीला आणि दिवाळीला माहेरी यायची, तीही परतीच्या बसकडे डोळे लावून. आता महिन्यातून दोनदा आखाजी होते. येताना गाडीत ती गाणं गुणगुणते, हे मला फार आवडतं, खरंच सांगतो. घरी चार्जर लागला तर तुझ्याकडे थांबायला निमित्त काय उरणार? गेलो, चहा घेतला, आलो, असं होईल. तरी तू व्यवहारी माणूस आहेस. तू म्हणशील तसं करू.

सासूबाईंना साष्टांग नमस्कार, चारुलताला आशीर्वाद.

तुझा दाजी,
उखा

ता. क. तुझ्या उत्तराची वाट न बघता वायरमनला नको म्हणून सांगितलं आहे. खड्ड्याच्या खुणेवर तुझ्या ताईने मेथी पेरली.

आणखी ता. क. खरं काम हे की, चारुलता फोनवर सांगत होती, दाजींना ताटकळावं लागतं म्हणून तू गिरणीत तासाभरात गाडी भरणारं मोठं मशीन बसवतोयस. नवनीत, तुझ्या पाया पडतो (वयाने मोठा असूनही), तसलं काही करू नकोस. तुझा जुना प्लग फार गुणी आहे. निदान ताईचा विचार कर.

(पिशवी बांधताना हाई चिठ्ठी दिसनी म्हनीसन मी लिखी ऱ्हायनू. भाऊ, तुन्हा दाजीनी मन्हं नाव पुढे करेल शे. त्यास्ले फक्त मांडा पाहिजेत. येताना गाणं मी म्हनस ते त्यास्ले झोप लागाले नको म्हनीसन. तरी बी तू ते मशीन बसाडू नको. मायना केस इंचराना अर्धाच ऱ्हायी जातस. — तुन्ही ताई, सुंदर)