रेड लाव्हियाच्या व्हॅनचा स्टिअरिंग रॅक

मी, अल्बन क्वाव, वय त्र्याहत्तर, धंदा गाड्यांची दुरुस्ती, राहणार जॉर्जटाउनजवळ, सेंट विन्सेंट, माझ्या मागे काय कोणाचे हे स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. फुप्फुसांचे दिवस संपत आले आहेत, डोके जागेवर आहे. लिहिण्यासाठी कोणी दबाव आणलेला नाही. निदान जिवंत माणसाने तरी नाही.

१. घर आणि नीरफणसाचे झाड धाकटी बहीण व्हर्लिन हिला. "त्या गंजक्या व्हॅनपायी तू लग्न केलं नाहीस, दादा," असे ती म्हणते. ते खरे नाही, पण घर तिचेच.

२. हत्यारे, जॅक आणि बाक व्हर्लिननेच घ्यावेत. स्वयंपाकघरातले टेबल मात्र फोडून जाळावे. कारण पुढे येईल.

३. पांढरी व्हॅन जेमा लाव्हिया हिला. ही व्हॅन तिचा नवरा रेड चालवायचा. रेड माझा मित्र. अकरा वर्षांपूर्वी त्याच्या स्टिअरिंगमधून तेल गळू लागले, म्हणून मी रॅक, म्हणजे चाके वळवणारा दांडा त्याच्या नळीसकट, काढून याच टेबलावर उघडला. गल्लीपलीकडचा मेकॅनिक गार्नेट कुंपणावरून ओरडला, "स्वयंपाकघरात ऑपरेशन करतोस होय रे? पेशंट मरेल!" आम्ही दोघे हसलो.

सील नवे घातले, दांडा घासून चकचकीत केला. दांड्याच्या टोकाचा, चाकाकडे जाणारा जोड घट्ट आवळल्यावर त्याची कड पंचाने, म्हणजे बोथट खिळ्यासारख्या हत्याराने, ठोकून दाबायची असते, म्हणजे तो सुटत नाही. रेडला लग्नाचे वऱ्हाड आणायला जायचे होते. "चल रे अल्बन, उद्या ठोक!" तो म्हणाला. मी बरं म्हटले. ते उद्या राहून गेले.

नवव्या दिवशी चॅपलच्या वळणावर व्हॅन डावीकडे समुद्रात गेली. आत रेड एकटाच होता. लोक म्हणाले, प्यायला होता. मी भंगार म्हणून व्हॅन विकत घेतली, सुटलेला जोड पाहिला आणि तोंड मिटून बसलो. जेमा अकरा वर्षे दारुड्याची बायको म्हणून बाजारात मान खाली घालून चालली.

४. रॅक मी पुन्हा बांधला. एकूण तीन वेळा. तेल थेंबभरही कमी होत नाही. तरी अंगणात चाके सरळ करून ठेवावीत, तर सकाळी ती पूर्ण उजवीकडे वळलेली असत. त्या वळणावर समुद्रापासून दूर नेतील तशी. आणि स्टिअरिंगची चकती दोन जागी कोमट, जिथे माणूस हात ठेवतो तिथे.

५. गेल्या रविवारी मी जेमाला बोलावून सगळे सांगितले. ती रडली नाही.

"प्यायला नव्हता ना?"

"नव्हता."

"अकरा वर्षं, अल्बन. रोज माझ्याकडून अंडी घेत होतास."

ती उठून व्हॅनमध्ये बसली. चाके उजवीकडेच होती. चकतीवर नुसते तळवे टेकवून ती म्हणाली, "रेड, चूक तुझी नव्हती. मला कळलंय. सोड आता."

चकती तिच्या हातांखाली हळूहळू फिरली आणि चाके सरळ झाली. इंजिन बंद होते, किल्ली माझ्या खिशात होती. इंजिन बंद असताना ते स्टिअरिंग फिरवायला मला सगळे अंग लावावे लागते.

खाली उतरून ती म्हणाली, "मी तुला माफ केलंय असं लिहू नकोस." म्हणून लिहीत नाही.

६. कलम तीन चॅपलमध्ये, लोक भरलेले असताना, मोठ्याने वाचावे. रेडचे नाव स्वच्छ व्हावे, माझे काय व्हायचे ते होवो.

७. गार्नेटला काही ठेवलेले नाही. साक्षीदाराला वारसा मिळत नाही, आणि साक्षीला मला तोच हवा आहे.

जॉर्जटाउन, ता. ९ मे, सोमवार.

(सही) अल्बन क्वाव

साक्षीदार:
१. (सही) गार्नेट हॅझेल, मेकॅनिक. अल्बनने आमच्यासमोर सही केली. सही करताना तो सारखा खिडकीबाहेर बघत होता. व्हॅनची चाके सरळ होती; मीही पाहिली.
२. (सही) सिस्टर इओना डेशाँग, परिचारिका.