बाईसाहेबांचं कुठे बिनसलं

प्रिय भिंगरी,

पत्र हातात पडताच तू घाबरशील, म्हणून आधीच सांगते: सगळे धडधाकट आहेत, बाईसाहेबसुद्धा. खरं तर हे फोनवर सांगता आलं असतं. पण मी फोन उचलला की तुझे बाबा पेपर घेऊन शेजारच्या खुर्चीत येऊन बसतात आणि मी तोंड उघडायच्या आत सगळं ठीक आहे म्हणून सांग, असं पेपरामागून बजावतात. तू गेल्यापासून या घरात सगळं ठीकच होतं. इतकं ठीक, की शेवटी जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना बोलवावं लागलं.

तू नोकरीला गेलीस आणि तुझ्या घोडीचं, म्हणजे बाईसाहेबांचं, काय करायचं हा प्रश्न आला. नुसती उभी राहिली तर सुस्तावेल, म्हणून रोज सकाळी आपण स्वतः तिला फिरवणार, असं बाबांनी जाहीर केलं. तरुणपणी ते बरे बसायचे, हे मी मान्य करते, त्यावरच तर मी भाळले होते. सुरुवातीला छान चाललं. बाबा घोडीवर, मी कुंपणाशी चहाचा थर्मास घेऊन उभी, असा आमचा म्हातारपणचा थाट होता. मग हळूहळू बाईसाहेबांचं बिनसलं. खोगीर दिसलं की कान मागे. पोटाखालचा तंग आवळायला गेलं की दात बाहेर. उजवीकडे वळ म्हटलं तर वळायची, डावीकडे म्हटलं की खांबासारखी उभी. आणि दुडकीतून जरा पुढे काढायला गेलं की पाठ उचलून अशी लाथ झाडायची की बाबा एकदा सरळ गवताच्या ढिगात गेले. ते म्हणाले, मी उतरलो. टोपी ढिगात, चष्मा नाकाच्या खाली, कानात गवत, आणि हे म्हणे उतरले.

आता असं झाल्यावर कारण शोधणं आलं, आणि कारण सांगायला आपल्याकडे माणसांची कधी वाण नव्हती. तुझ्या मामाने एकच फेरी मारून निदान केलं की घोडी लाडावली आहे, तिला धाकात ठेवा. ज्याचं स्वतःचं कुत्रं त्याला सोफ्यावर बसू देत नाही, त्याने हे सांगावं. धाक दाखवायला म्हणून तो कमरेवर हात ठेवून तिच्यासमोर उभा राहिला, तर तिने त्याच्या शर्टाचं वरचं बटण काढून खाल्लं. तबेल्यातल्या मोतद्दाराचं म्हणणं पडलं की दाणा बदलला त्याचा हा परिणाम. दाणा पुन्हा पहिल्यासारखा केला, तर ती तेवढ्याच आनंदाने खाऊन तेवढ्याच जोराने लाथा मारू लागली.

आणि मी? मी म्हटलं, पोरीची आठवण येते आहे तिला. मला ते इतकं पटलं होतं की दुसरं काही सुचेचना. मी तुझा जुना निळा स्वेटर नेऊन तिच्या ठाणापाशी टांगला. तिने तो हुंगला, डोळे मिटले, आणि माझे डोळे भरून आले. दुसऱ्या दिवशी बघते तर एक बाही गायब. बाबा हळवे होऊन म्हणाले, बघ, किती जीव आहे तिचा पोरीवर. मग आम्ही दोघांनी मिळून ठरवलं की तुला यातलं काही कळू द्यायचं नाही. तू आत्ता कुठे तिथे रुळत होतीस. घोडी तुझ्यासाठी झुरते आहे हे कळलं असतं तर तू काय केलं असतंस, ते मला ठाऊक आहे. मामालाही शपथ घालून गप्प बसवलं.

पण एके सकाळी तिने लाथ मारून ठाणाच्या दाराची फळी उडवली आणि तबेल्याच्या मालकीणबाईंचा धीर संपला. त्या वाईट नाहीत, तुला माहीतच आहे. पण सुट्टी लागली की तिथे लहान मुलं शिकायला येणार, आणि लाथाळ घोडी त्यांच्यात ठेवता येणार नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. मुलं यायच्या आत हिचं काय दुखतंखुपतं ते शोधा, नाहीतर हिला इथून हलवा. चावणारी, लाथा मारणारी घोडी कोण घेणार, आणि घेतली तर तिचं काय करणार, हे कुणी मोठ्याने बोललं नाही. बाबा घरी येऊन जेवले नाहीत. बाल्कनीत उभे राहिले, कठड्याला टेकून, डाव्या पायावर भार देऊन. तसे ते बरेच दिवस उभे राहायचे. मी विचारलं की म्हणायचे, हवा खातो आहे. मोजे घालायलाही हल्ली त्यांना वेळ लागायचा, आणि जिन्यात मध्येच थांबून ते भिंतीवरचा रंग न्याहाळायचे. मी म्हटलं, वय झालं, रंगाची आवड लागली असेल.

तर डॉक्टरीणबाई आल्या. बारीकशा, केस आखूड कापलेल्या, बोलणं मोजकं. मी त्यांना तुझी सगळी कहाणी सांगितली, स्वेटरही दाखवला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या की स्वभावाला दोष द्यायच्या आधी दुखणं शोधू. दात पाहिले, ठीक. खूर ठोकून दाबून पाहिले, ठीक. मोकळी घोडी दोरीवर धरून कडक जमिनीवर चालवली, पळवली, दोन्ही बाजूंना वळवली, तर बाईसाहेब राजहंसासारख्या चालल्या. मग त्यांनी पाठीवरून बोटं दाबत नेली. खांद्यामागे डाव्या अंगाला बोट आलं आणि घोडीची पाठ एकदम खाली गेली, कातडी थरथरली. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. इतके दिवस ती ओरडून सांगत होती आणि आम्ही तिला स्वेटर हुंगायला देत होतो.

खोगीर उलटं करून पाहिलं तर डाव्या बाजूची भरण दबून पार चपटी झालेली. मामाही आला होता, त्याने लगेच दुकानदाराच्या नावाने बोटं मोडली. पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या की भरण आपोआप एकाच बाजूला दबत नाही, बसतं कोण? बाबांना वर बसायला सांगितलं, अगदी थोडा वेळ, आणि त्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. मीही जाऊन उभी राहिले. भिंगरी, इतके महिने मी कुंपणाशी बाजूने बघत होते, मागून कधी पाहिलंच नव्हतं. खोगीर डावीकडे सरकलेलं आणि त्यावर तुझे बाबा एका कोपऱ्यात बसून दुसरी जागा पाहुण्यासाठी राखून ठेवल्यासारखे. त्यांना उतरवून डॉक्टरीणबाईंनी विचारलं, कुठला पाय दुखतो? बाबा म्हणाले, कुठलाच नाही. त्यावर त्या म्हणाल्या, त्या फाटकापर्यंत चालत जा आणि परत या. घोडीला चालवलं त्याच कडक जमिनीवर त्यांनी बाबांना चालवलं, दोन्ही बाजूंना वळवलंसुद्धा. फक्त दोरी तेवढी लावली नाही. मोतद्दार तोंड फिरवून घोडीला खरारा करत होता, पण त्याचे खांदे हलत होते.

बाबा भयंकर चिडले. जन्मभर दुसऱ्यांचे वजनकाटे तपासून शिक्के मारलेला माणूस, आणि त्याला कुणी तू एका बाजूला झुकतोस म्हणावं. घरी आल्या आल्या त्यांनी आपला वजनाचा काटा काढला, मामाकडचा मागवला, नोकरीतून मिळालेली पितळी वजनं ठेवून दोन्ही काटे तपासले, शेजारी शेजारी मांडले आणि एकेका काट्यावर एकेक पाय ठेवून सरळ उभे राहिले. डावा काटा कुठच्या कुठे गेला, उजवा जेमतेम हलला. बाबा म्हणाले, मामाचा काटा खोटा आहे. मग त्यांनी काटे बदलले. पुन्हा डावाच जड. मग फरशी उताराची असेल म्हणून सगळं उचलून दिवाणखान्यात नेलं. तिथेही डावाच. मग काट्यांवरून न उतरताच ते आपल्या पायांकडे बघत म्हणाले, अगं, उजव्या खुब्यात कळ येते. वर्षभर येते आहे. माणसाचं म्हणणं एक वेळ खोटं ठरवता येतं, पण तपासलेल्या काट्याचं कसं ठरवणार. मला हसूही येत होतं आणि रागही इतका आला होता की मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी आपटली. घोडी निदान लाथ मारून सांगते. या माणसाने भिंतीचा रंग बघितला.

आता खुब्याचा सांधा झिजला आहे आणि तो बदलायचा आहे. माणसांच्या डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा बाबा म्हणाले, बघू, सोसतंय तोवर सोसू. पण डॉक्टरीणबाईंनी त्यांना सांगितलं की तुम्ही असेच बसत राहिलात तर तिची पाठ पुन्हा दुखणार. तेव्हा निमूटपणे ऑपरेशनच्या कागदावर सही केली. माझ्या रोजच्या कटकटीने जे झालं नाही, ते घोडीच्या पाठीने केलं. मी ते मनाला लावून घ्यायचं नाही असं ठरवलं आहे, पण लागलं आहे. बाईसाहेबांना विश्रांती मिळाली, पाठीला शेक मिळाला, खोगिराची भरण नव्याने झाली, आणि आता मालकीणबाई स्वतः तिला फिरवतात. तंग आवळताना परवा तिने कान मागे नेले, जरा विचार केला आणि पुन्हा पुढे आणले. आता तिला कुठेही हलवायचं नाही, मालकीणबाईंनीच तसं सांगितलं आहे.

आता पत्र का लिहिलं ते सांगते. तुझ्या मामाच्या पोटात काही राहत नाही. त्याने शपथ मोडून तुला सांगितलं की घोडी तुझ्यासाठी झुरते आहे, आणि तू त्याला सांगितलंस की राजीनामा लिहून ठेवला आहे, तेही काल त्याच्या तोंडून बाहेर पडलंच. तो राजीनामा फाडून टाक. ऑपरेशनच्या वेळी सुट्टी काढून ये, तेवढी पुरे. बाबांच्या पायाकडे बघ, बाईसाहेबांवर बस, आणि परत जा. स्वेटरची मी मालकीणबाईंकडे चौकशी केली. त्या म्हणाल्या, ती लोकरीचं काहीही खाते, त्यांचा मफलरही तिने खाल्ला होता. तेव्हा घोडीला तुझी आठवण येत नव्हती, बाळा, तिची पाठ दुखत होती. आठवण आम्हाला येते, रोज येते, पण आम्ही लाथा मारत नाही.

तुझीच,
भांडी आपटणारी
आई