हाताने आवळलेला बोल्ट

पुणतांबा, ता. राहाता
रविवार, १८ जानेवारी २०२६

प्रिय श्रीमंत,

तुला, ज्योतीला आणि दिशाला आशीर्वाद. इकडे सगळं ठीक आहे. तुझ्या वहिनीचा गुडघा थंडीत दुखतो, पण ती ऐकते कुणाचं? ऊस तुटून गेला, शेत मोकळं झालं. कांदा बरा आहे. सकाळी नदीवरून धुकं असं येतं की दारातली जीपसुद्धा दिसत नाही.

तिकडे सुप्याला तुला फोन लावता येतो, मग दादाने पत्र कशाला लिहिलं, असं तुला वाटेल. फोनवर तू मधेच बोलतोस, आणि मला तेवढंच निमित्त पुरतं, मी गप्प बसतो. साडेतीन महिने गप्प बसलोय. कागद मधे बोलत नाही.

परवा जीपची क्लच प्लेट बदलली, मीच. एकोणीस वर्षं झाली, तिला दुसऱ्या कुणाचा पाना लागलेला नाही. कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये तीस वर्षं फिटर होतो, तेव्हा एवढी मिजास असणारच. तू नवी गाडी घेतलीस तेव्हा आपली खडाजंगी झाली होती. तू म्हणालास, "दादा, बॉनेटला हात लावायचा न्हाई. वॉरंटी जाती. सर्व्हिसिंग नगरला, कंपनीतच." मी म्हणालो, "तिथं गाडी धुत्यात, पॉलिश मारत्यात अन् कागद हातात देत्यात. ऑईल बदललं का न्हाई, कोन बघतंय?" तू हसलास. ते हसणं मला फार लागलं होतं. एवढ्या वयाच्या माणसाला लागायला नको, पण लागलं.

आता दसऱ्याचं लिहितो. त्या सकाळी राजूरच्या वाटेवर, अकोले गावाच्या पुढच्या घाटात तुझी गाडी बंद पडली. इंजिन जाम. आत थेंबभर ऑईल नाही, आणि खालच्या चेंबरचा बोल्ट, जो काढून जुनं ऑईल सोडतात तो, वाटेत कुठेतरी गळून पडलेला. आठच दिवसांपूर्वी सर्व्हिसिंग झालेलं, त्यामुळे चूक कुणाची हे विचारायची कुणाला गरजच वाटली नाही. तू तक्रार केलीस. त्यांनी नवं इंजिन बसवून दिलं, आणि ज्याच्या सहीने गाडी बाहेर पडली होती त्या वाल्मिक नावाच्या मेकॅनिकला कामावरून काढलं. मग तुझा फोन आला. "दादा, तू म्हनत हुतास तेच खरं. गाडी तुझ्या हातात असती तर असं झालंच नसतं." आणि मी म्हणालो, "मी काय येगळं सांगत हुतो?"

हे मी बोललो, श्रीमंत. चहा पीत पीत बोललो.

तो बोल्ट मी काढला होता.

दसऱ्यासाठी तुम्ही इकडे आला होतात. खंडेनवमीच्या सकाळी तू आणि ज्योती पायी देवीला गेला होतात, चावी घरातच होती. गाडी सावलीत लावतो म्हणून मी बाहेर काढली आणि एका बाजूची चाकं बांधावर चढवली. आधी इंजिनातली मापाची काडी ओढून ऑईल बघितलं. स्वच्छ होतं. तिथं थांबायला पाहिजे होतं. पण मन मानेना. वरून चांगलं ओतत असतील, खालचा गाळ तसाच ठेवत असतील, असं धरून बसलो होतो. खाली शिरलो, बोल्ट काढला, वाटीभर ऑईल डब्यात घेतलं. गाळाचा कणही नव्हता. त्या लोकांनी काम चोख केलं होतं. तुला खोटं पाडायला गेलो आणि मीच खोटा पडलो. चिडून बोल्ट बोटांनी फिरवून बसवला आणि पान्यासाठी हात लांब केला, तर पाना जागेवर नव्हता.

तुझ्या वहिनीने तो माझ्या पायापासून उचलून नेला होता, "पूजेची हत्यारं अशी मातीत टाकत्यात का?" असं पुटपुटत. मी बाहेर येऊन हात धुवून घरात गेलो, तोवर पाने, हातोडी, पकड सगळं पाटावर मांडून त्याला हळदकुंकू लागलेलं. आणि आपल्याकडे एकदा हत्यार पूजेला बसलं की दसऱ्याचं सोनं वाटून होईपर्यंत उचलायचं नाही. कारखान्यात मी हा नियम दुसऱ्यांकडून तीस वर्षं पाळून घेतला, वेळेला झापून पाळून घेतला. आता मीच कसा उचलू? शेजारच्या कारभारीचा पाना मागता आला असता, पण तो कशाला म्हणून विचारणार. तुम्ही दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी निघणार होतात. तोवर गाडी जागची हलणार नाही, निघायच्या आधी पहाटे आवळून टाकू, असं ठरवून मी गप्प बसलो.

आणि दसऱ्याच्या सकाळी ज्योतीच्या आई, बनुबाई, पडल्याचा राजूरहून फोन आला. मी मळ्यात होतो. परत आलो तर तुम्ही निघून पाच-सात मिनिटं झालेली.

इथपर्यंत चूक होती. चुकीला माफी असते, असं मी स्वतःला बरेच दिवस समजावलं. पण पुढचंही लिहायला पाहिजे. मोबाईल माझ्या खिशात होता. तुझा नंबर काढला. अंगठा वर धरला. "थांब, बोल्ट बघ" एवढंच बोलायचं होतं. पण मग तू विचारलं असतंस, तुला कसं ठाऊक? आणि नव्या गाडीखाली चोरासारखा शिरलो होतो हे सांगावं लागलं असतं, ज्योतीसमोर. हाताने आवळलेले बोल्टही कधी कधी टिकतात, असं म्हणून मी मोबाईल परत खिशात टाकला आणि आंब्याची पानं आणायला गेलो. तुम्ही घाटात दोन तास अडकलात. बनुबाई दवाखान्यात पोरीची वाट बघत एकट्या पडून राहिल्या. त्या बऱ्या झाल्या ही त्यांची पुण्याई, त्यात माझं काही नाही. तुझ्या वहिनीने मला कधी काही विचारलं नाही. तिला कळलं असावं.

त्यानंतर काय झालं माहीत आहे? निम्मं गाव आपल्या गाड्या माझ्याकडे आणू लागलं. श्रीमंतच्या गाडीचं काय झालं बघितलं ना, मग गोरक्षदादाकडंच चला. मी नाही म्हणालो नाही. दोन महिने लोकांच्या गाड्यांचे बोल्ट आवळत होतो आणि रोज रात्री नीट झोपत होतो, हेही खरं आहे. उगाच मोठा पश्चात्ताप झाल्याचं नाटक करत नाही.

मग गेल्या मंगळवारी राहुरीला गेलो. जीपचं चाक थोडं आवाज करत होतं, म्हणून रस्त्यावरच्या टायरच्या दुकानात थांबलो. मालकाने हाक मारली, "वाल्मिक, जीप बघ." तू पाठवलेल्या तक्रारीच्या कागदावर हे नाव मी इतक्यांदा वाचलं होतं की मी तिथंच विचारलं, "नगरला कंपनीत हुतास का तू?" तो म्हणाला, "व्हय. तुमाला कसं ठावं?" मी चाकाकडे बोट दाखवलं.

त्याने चाकाचे नट आवळले. मग खडूने एकेक खूण केली. मग परत पहिल्यापासून आवळले. उठला, दोन पावलं गेला, आणि परत येऊन बसला. मालक ओरडला, "आरं, दुसरी गाडी थांबलीय." तो मला हळूच म्हणाला, "काका, काय करू. आवळून झालं तरी हाताला खरं वाटत न्हाई. माझ्या हातनं एकदा बोल्ट राहिला हुता. मला तर आवळल्याचं चांगलं आठवतंय. पन समदे म्हनले राहिला, म्हंजी राहिलाच असंल."

श्रीमंत, इतका चांगला हात मी कारखान्यात दोघा-तिघांचाच बघितला. तिथं उभ्या उभ्या त्याला सगळं सांगितलं. शिव्या देईल म्हणून तयार होतो. तो म्हणाला,

"म्हंजी मी आवळला हुता."

"व्हय. गच्च. मला दोन हात लावावे लागले काढायला."

"दोन हात?" त्याने परत विचारलं. मी हो म्हणालो. मग त्याने मोबाईल काढला, बायकोला लावला आणि माझ्या हातात दिला. "आरतीला सांगा," म्हणाला, "तुमीच सांगा." मी सांगितलं. पलीकडून ती नुसती रडत होती. मी ऐकत उभा राहिलो. फोन ठेवायची माझी हिंमत झाली नाही.

आता पुढचं. या पत्राबरोबरच दुसरं पत्र सर्व्हिस सेंटरच्या मॅनेजरसाहेबांना रजिस्टरने पाठवतोय. त्यात हेच सगळं लिहून सही केली आहे, आणि वाल्मिकला परत घ्या अशी विनंती केली आहे. घेतील का, माहीत नाही. नव्या इंजिनाच्या पैशाचं ते जे म्हणतील ते माझ्यावर. तुला आधी विचारलं नाही, कारण तू "जाऊ दे दादा" म्हणाला असतास आणि मी जाऊ दिलं असतं.

ज्योतीला मी स्वतः सांगेन, तिच्या समोर बसून. तू ये म्हणालास की येतो. तुझ्या फोनची वाट बघणार नाही, असं लिहिणार होतो. पण खोटं बोलून झालं तेवढं पुरे. वाट बघतोय.

गोरक्ष