सत्याऐंशी नंबरच्या पोराची हुर्यो

ती. अर्माताईस,

धाकट्या डेल्बर्टचा नमस्कार. मी इकडे बरा आहे, गुडघेही बरे आहेत. तूही बरी असशील असं लिहायला मात्र हात धजत नाही, कारण रविवारी फोनवर तू ‘बरं आहे’ म्हणालीस ते ज्या आवाजात, तो मला मुळीच आवडला नाही. आर्लो भावजींना जाऊन आता अख्खा हिवाळा उलटला. आयोवात अजून बर्फ असेल. इकडे फ्लोरिडात लोक अर्ध्या चड्डीत हिंडतात, आणि त्यांत माझ्या वयाचेही असतात. तुला ते ऐकवणार नाही म्हणून जास्त लिहीत नाही. (टोपी घालतो. काळजी नसावी.)

मी इथे गुडघ्यांसाठी राहायला आलो, असं तू आपल्या गावात, मार्स्टनमध्ये, सांगत असतेस, ते तसंच सांगत राहा. खरं कारण तुला ठाऊक आहे. फेब्रुवारी आला की बेसबॉलचे संघ सरावाला इकडे उतरतात. तिकीट काढून मोठ्या मैदानात बसतात ते पाहुणे लोक. आम्ही मागच्या चार नंबरच्या मैदानाशी खुर्ची टाकून बसतो. तिथे कुंपणाची जाळी, एक नळ आणि कोवळी पोरं, बाकी काही नाही. ज्यांची नावं कोचलाही नीट ठाऊक नसतात त्यांच्या पाठीवर सत्तर-ऐंशीच्या पुढचे नंबर चिकटवतात. ह्या पोरांतला कोण पुढे मोठा होणार हे आधी ओळखायचं, हा माझा छंद. तू ह्याला रिकामटेकडेपणा म्हणतेस. भावजी अंगणात रेडिओ लावून बसायचे तेव्हाही तू तेच म्हणायचीस, आणि ते बिचारे हसून आवाज जरा कमी करायचे.

तर माझ्या ह्या ओळखण्याला नाट लागलेली आहे. मी एखाद्या पोराला आवडून घेतलं की त्याचं काहीतरी होतंच. एकाचा खांदा गेला. एक सध्या ओहायोत सतरंज्या विकतो. एकाला ऐन हंगामात साक्षात्कार झाला आणि तो पाद्री झाला. (प्रवचनं चांगली देतो म्हणे, पण त्याचा वळणारा चेंडू काय होता, ताई!) माझ्या शेजारी खुर्ची टाकणारा व्हर्नन, निवृत्त बसचालक, उकडलेल्या शेंगा खात खात वर्षानुवर्षं मला एकच विचारतो, “काय डेल, यंदा कुणाचं वाटोळं करायचं ठरवलंयस?” म्हणून यंदा मी ठरवूनच आलो होतो, की कुणीही आवडून घ्यायचा नाही. नुसतं ऊन खायचं.

आणि पहिल्याच आठवड्यात तो सत्याऐंशी नंबर आला. कॉय लेडबेटर. आर्कान्सामधल्या कुठल्याशा खेड्यातला, एकोणीस वर्षांचा, डावखुरा पिचर. नुसता ताडमाड, मनगटं बाहीबाहेर, मान कॉलरबाहेर. चेंडू टाकायला लागला आणि ताई, माझा घास हातातच राहिला. काही जोर नाही, काही आव नाही. दाराची कडी लावावी इतक्या सहज तो हात फिरवायचा आणि तिकडे कॅचरच्या हातमोज्यात फाडकन आवाज यायचा. व्हर्ननने माझ्याकडे पाहिलं आणि शेंगांची पिशवी बाजूला ठेवली. म्हणाला, “मेलं बिचारं.”

आता तूच सांग, मी काय करायला हवं होतं? मी खुर्ची फिरवून पार्किंगकडे तोंड करून बसलो. कान कुठे फिरवणार? दुसऱ्याच एका बथ्थड पिचरची मोठ्यांदा स्तुती करून पाहिली. (तो फार खूश झाला आणि मला सही देऊन गेला. मी मागितली नव्हती.) शेवटी मला वाटलं, प्रेमाने जर नाट लागत असेल, तर उलटं करून पाहावं. आपली आई नाही का, तुझ्या बाळाला पहिल्यांदा पाहिल्यावर, दृष्ट लागू नये म्हणून सगळ्यांसमोर म्हणाली होती, ‘नाकच नाही धड’? तसं. दुसऱ्या दिवशी कॉय चेंडू टाकायला उभा राहिला आणि मी जाळीशी जाऊन त्याची जोरदार हुर्यो उडवली.

मागच्या मैदानात कुणी हुर्यो उडवत नाही, ताई. तिथे ओरडण्याची रीतच नाही. बघायला असतात कोण, तर दहाबारा म्हातारे आणि कुणाचीतरी आई. सगळे माझ्याकडे असे बघायला लागले की जणू मी चर्चमध्ये शिट्टी मारली. पण मी नेटाने आठवडाभर रोज ओरडलो. पोरगं झकास खेळत होतं. मला वाटलं, उपाय लागू पडला.

मग एका दुपारी सराव संपल्यावर कॉय थेट माझ्याकडे आला. मला वाटलं, आता शिव्या खायच्या. त्याने टोपी काढली आणि अगदी नम्रपणे विचारलं, “काका, तुम्ही रोज बघता म्हणून विचारतो. माझं काय चुकतंय?”

त्या क्षणी खरं सांगायला हवं होतं. पण व्हर्नन कान टवकारून बसलेला, आणि मी इतके दिवस जाणकाराच्या थाटात ओरडलेलो. मी घसा खाकरून म्हणालो, कोपर खाली येतं तुझं. (हे कुठल्याही पिचरला सांगितलं तरी चालतं. सगळे म्हातारे हेच सांगतात आणि कुठलाही शहाणा पोरगा ते ऐकत नाही.) कॉयने माझे आभार मानले. आणि ऐकलं.

पुढचं लिहवत नाही. ते पोर वसतिगृहाच्या भिंतीवर चेंडू मारून मारून कोपर वर उचलायला शिकलं, आणि चेंडू कुठे जाईल ते देवालाही सांगता येईना. एक व्हर्ननच्या थर्मासवर आला. एक कुंपण ओलांडून कोचच्याच गाडीच्या काचेवर. बॅटर नुसते उभे राहायचे आणि फुकटात पहिल्या बेसवर चालत जायचे. तशात छाटणी तोंडावर आलेली. छाटणी म्हणजे काय, तर ठरलेल्या सकाळी पोरं आत जातात. कपाटात गणवेश टांगलेला असला तर नोकरी राहिली, नसला तर बसचं तिकीट घेऊन घरी. कॉयचा बाप लाकडाच्या गिरणीत आहे आणि धाकटी भावंडं तीन. घरी परत म्हणजे गिरणी. ताई, माझं जेवण तुटलं. इतकी वर्षं नाट नाट करत होतो, पण ह्या वेळी नाट नव्हती. माझीच जीभ होती.

शेवटच्या सामन्याच्या दिवशी मी सकाळीच जाऊन जाळीशी उभा राहिलो. कॉय एकटाच धावत होता. त्याला बोलावून सगळं सांगितलं: नाट, सतरंज्या, पाद्री, आईचं ते नाकावरचं बोलणं. सांगताना मलाच कळत होतं की मी वेड्यासारखा दिसतोय. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, “म्हणजे मी आधी चांगला टाकत होतो?”

मी म्हटलं, चाळीस वर्षांत इतकं चांगलं पाहिलं नाही.

त्याने मान खाली घातली. म्हणाला, “इथे आल्यापासून कुणी सांगितलंच नव्हतं, काका. तुम्ही ओरडायचात, तेव्हा निदान कुणीतरी बघतंय असं वाटायचं.”

मी जाऊन खुर्ची पुन्हा पार्किंगकडे फिरवून ठेवली.

दुपारी तो मैदानात उतरला तेव्हा माझी खुर्ची पार्किंगकडेच होती. व्हर्नन मला सांगत होता. पहिला चेंडू बाहेर. दुसराही बाहेर. मग बराच वेळ व्हर्नन काही सांगेना, आणि मला फक्त ते फाडफाड आवाज ऐकू येत राहिले. शेवटी तो म्हणाला, “वळ आता. आवडून घे. काही होत नाही.” मी वळलो आणि आवडून घेतला.

दुसऱ्या सकाळी कपाटात गणवेश होता. कॉयला ठेवलाय. पाठवलाय सगळ्यांत खालच्या पायरीवरच्या संघात, पण ठेवलाय. तो संघ, तुला कल्पना आली असेलच, आपल्या मार्स्टनचा.

बाकी क्षेम. प्रकृतीला जप, आणि अंगणातला बर्फ स्वतः उपसू नकोस.

तुझा,
डेल्बर्ट

ता. क. – खालच्या संघातल्या पोरांना पगार पोटापुरताही नसतो, गावातल्याच कुणाच्यातरी घरी त्यांची सोय करतात, हे तुला माहीत आहे. तुझी माडीवरची खोली उन्हाळाभर रिकामीच असेल. पलंग त्याला आखूड पडेल, पायथ्याशी बाक लावावा लागेल. खातो भरपूर. ताट स्वतः धुतो.

दुसरा ता. क. – उत्तराची घाई करू नकोस. तो मंगळवारी पोचतोय. पत्ता मी दिलेला आहे.

तिसरा ता. क. – तू क्लबच्या कचेरीत फोन करून चौकशी करशीलच, तेव्हा मीच सांगून टाकतो. त्याची सोय आधीच झाली होती. दाताच्या डॉक्टरांच्या घरी, वेगळी खोली, मागे पोहायचा तलाव. मी त्याला ती नको म्हणायला लावली. का, ते त्याने विचारल्यावर तुझ्याबद्दल सांगितलं, की माझी बहीण सहा महिन्यांत कुणाशी धड चार वाक्यं बोललेली नाही. तो जरा विचार करून म्हणाला, “मग तलाव राहू द्या, काका.” तेव्हा ताई, खोलीची गरज त्याला नव्हती.