साहेबांनी रुद्रेशचे पाय धुतले

रविवार, १७ मे
आज पाळकसाहेब उपदेशात म्हणाले, खरा ख्रिस्ती माणूस रविवारी चर्चमध्ये नाही, सोमवारी कामावर ओळखू येतो. माझ्याकडे बघूनच म्हणाले. साहजिक आहे. ३१ तारखेला चर्चमध्ये अनुभव सांगायला माझी साक्ष ठेवली आहे, विषय ‘कामाच्या ठिकाणी विश्वास’. दहा मिनिटं दिलीत. मला कमी पडणार.

निश्चय: उद्यापासून मशीनशॉपमध्ये सेवक होऊन राहायचं. मॅनेजर असलो म्हणून काय झालं? ओरडायचं नाही. लिंगायत, मुसलमान, ख्रिस्ती, हेल्पर, ऑपरेटर, सगळे समान.

त्याच ३१ तारखेला दुपारी आमच्या लेकीला, क्रांतीला बघायला पुण्याचे लोक येणार. मुलगा आयटीत, घराणं तीन पिढ्यांचं ख्रिस्ती. क्रांती म्हणाली, मला बघायचं नाही. मी म्हणालो, तुला नाही, त्यांना बघायचंय. विनोद चांगला होता. कुणी हसलं नाही.

सोमवार, १८ मे
गेटपासून सगळ्यांना हसून गुड मॉर्निंग केलं. लेथवरच्या अल्लाउद्दीननं विचारलं, साहेब, तब्येत बरी हाय न्हवं?

दहापर्यंत सेवक होतो. मग रुद्रेश आडवा आला. हा आमचा क्वालिटी इन्स्पेक्टर, हातकणंगल्याच्या अण्णाप्पांचा मुलगा. आज पाठवायचा सगळा लॉट त्यानं रिजेक्ट केला. मी म्हणालो, केसभर फरक आहे, सोड. तो म्हणाला, बसत न्हाय साहेब. बसत न्हाय म्हंजे न्हाय.

प्रामाणिकपणा मलाही मान्य आहे, पण गाडी दारात उभी असताना? माझा आवाज चढला. ओरडणं वेगळं, आवाज चढणं वेगळं. चहाचा कप फेकला, पण तो रिकामा होता.

बुधवार, २० मे
रुद्रेशला रोजच्या प्रार्थनेत घेतलं. त्याला सुबुद्धी मिळो, नाहीतर बदली.

साक्षीसाठी ठोस काहीतरी हवं. आज आंघोळ करताना सुचलं. प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले. मी शॉपमध्ये, सगळ्यांसमोर, कामगारांपैकी एकाचे धुणार. शनिवारच्या मीटिंगलाच. अंगावर काटा आला.

पण कुणाचे? जेवताना घरात विचारलं. क्रांती आमच्याच कंपनीत बिलिंगला आहे, तिला माणसं माहीत. ती भाकरी मोडता मोडता थांबली आणि म्हणाली, रुद्रेशचे. एका सेकंदात. म्हणजे त्या पोराचा ताठा बिलिंगपर्यंत पोचलाय. सुवार्ताला मध्येच जोराचा ठसका लागला. बायकोला मीच पाणी दिलं. सेवा घरापासून सुरू करावी.

शुक्रवार, २२ मे
तयारी. मी प्लास्टिकची बादली नेणार होतो. क्रांती म्हणाली, नको पप्पा, पितळी घंगाळ न्या. नवा टॉवेलही तिनंच आणला. पोरीला माझ्या कामात एवढा रस पहिल्यांदाच दिसतोय. शेजारच्या बायडाबाईंनी अनारसे दिलेत. त्यांच्यात कसला तरी सण दिसतो. सुवार्ता म्हणाली, पाय धुतल्यावर पोराच्या हातावर हेच ठेवा. ठीक.

शनिवार, २३ मे
झालं. रुद्रेश पळायला बघत होता. आमचे जुने ऑपरेटर आकाराम यांनी त्याला धरून स्टुलावर बसवलं. मी गुडघ्यावर बसलो, पाय धुतले, पुसले, अनारसे दिले. वाटलं होतं शांतता पसरेल, एखादा डोळे पुसेल. इथं शिट्ट्या पडल्या. अल्लाउद्दीननं व्हिडिओ काढला. रुद्रेशचे कान लाल झाले आणि तो वाकून माझ्या पाया पडला. ताठा मोडला.

सगळे क्रांतीचं अभिनंदन का करत होते, कळलं नाही. ती बिलिंगच्या दारात उभी राहून रडत होती. बापाची नम्रता बघून लेकीला भरून येतंच.

सोमवार, २५ मे
मालकांचा फोन. व्हिडिओ बघितला म्हणाले. हॉल माझ्याकडून, तुम्ही काळजी करू नका. साक्षीला हॉल कशाला, चर्च आहे की. तरी मन मोठं.

घंगाळ अजून घरी आलेलं नाही.

बुधवार, २७ मे
पुण्याहून फोन. व्हिडिओ आमच्यापर्यंत आलाय, तुमचा जावई ठरलाय तर आम्हाला कशाला बोलावलंत, म्हणाले आणि ठेवला.

आकारामांना गाठलं. ते म्हणाले, साहेब, असं काय करताय, अधिक महिना चालू हाय की. धोंड्याचा महिना. ह्या महिन्यात सासरा जावयाचं पाय धुतो, अनारसं देतो, भांडं देतो. तुमचं घंगाळ रुद्रेशच्या घरला गेलं न्हवं का, रीतच हाय ती. अख्ख्या शॉपला वाटलं, साहेबांनी जावई जाहीर केला.

मी प्रभूचं अनुकरण करत होतो. क्रांतीला यातलं काही माहीत नसणार, बिचारी. शनिवारी हातकणंगल्याला जाऊन अण्णाप्पांना स्पष्ट सांगणार. सगळे समान आहेत, पण लग्नाची गोष्ट वेगळी. चर्च कमिटीत आहे मी.

शनिवार, ३० मे
मी निघायच्या आत अण्णाप्पाच आले. बसले आणि म्हणाले, पोरगं दोन वर्सं तुमच्या क्रांतीसाठी माझ्या मागं लागलंय. मी न्हाय म्हणत होतो. धर्म येगळा, रीत येगळी. पर तुमच्यासारखा मॅनेजर सगळ्यांम्होरं माझ्या पोराचं पाय धुतो, तिथं मी कोण न्हाय म्हणणारा?

दोन वर्षं. मी क्रांतीकडे बघितलं. ती फरशी बघत होती. सुवार्तासुद्धा फरशी बघत होती.

भाषण पाठ होतं: गैरसमज झालाय, क्षमा करा. तोंड उघडलं. तेवढ्यात क्रांतीनं मान वर केली. तिला एवढं घाबरलेलं मी कधी बघितलं नव्हतं. मला माझीच लाज वाटली. तोंडातून निघालं, चहा घेणार का?

रविवार, ३१ मे
साक्ष. पाळकसाहेबांनी ओळख करून दिली: समानता नुसती न बोलता स्वतःच्या घरातून करून दाखवणारे आमचे बंधू. मागच्या बाकावर अण्णाप्पा नवा फेटा बांधून, शेजारी रुद्रेश.

लिहून आणलेलं वाचवेना. म्हटलं देवाच्या घरात तरी खरं बोलावं. सांगून टाकलं की मला हे करायचं नव्हतं, मला जावई करायचा नव्हता, मला फक्त मोठं दिसायचं होतं.

चर्चभर ‘आमेन’ झालं. पाळकसाहेबांनी डोळे पुसले आणि म्हणाले, नम्रता म्हणतात ती हीच. उरलेला वेळ त्यांनी रुद्रेशला दिला. तो बरा बोलला.

घरी येताना सुवार्ता म्हणाली, तुम्ही खरं बोललासा ते मला कळलं. आता परत बोलू नका.