वालूरची गाडी पुन्हा नको

४ ऑक्टो.
मेली ती मेलीच, माझी इलेक्ट्रिक स्कूटर. दसऱ्याला ह्यांनी बोअरच्या पाइपानं गाडी धुतली, हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं. पूजा झाल्यावर चावी फिरवली तर स्क्रीनवर अंधार. आज टेम्पोत घालून वालूरला नेली. शोरूम बापूरावांचं, म्हणजे माझ्या नणंदेच्या, संगीताच्या सख्ख्या दिराचं. सीटसुद्धा न उचलता म्हणाले, "पाणी मारलं का वैनी तुमी? मग वॉरंटी बसत न्हाई."
अरे बाबा, दसऱ्याला गाडी धुवायची नाही तर काय भांगात कुंकू भरायचं तिच्या? विकताना "पावसात घाला, चिखलात घाला, काय होत न्हाई" म्हणणारा हाच माणूस. पार्ट म्हणे कंपनीकडून येणार. कधी? "यील."

७ ऑक्टो.
लसीकरण होतं. गाडी नाही. हे सोयाबीन काढायला गेलेले. आमच्या झरीतून काळीपिवळी जीप फाट्यापर्यंतच, पुढं वाडीपर्यंत चिखल तुडवत, खांद्याला लसीचा डबा. पोचेस्तोवर निम्म्या बाया लेकरं घेऊन परत गेल्या होत्या. एक जण म्हणाली, "सिस्टर, तुमची वाट बघून बघून गेल्या की त्या. सोयाबीनला जायचं होतं त्यान्ला." आता ह्या बायांची घरं शोधत पुन्हा फिरायचं.
रात्री जेवताना सांगितलं, नवी इलेक्ट्रिक घेणार, माझ्या पगारातून. हे लगेच, "घे की. पाडव्याला घिऊ. बापूरावला फोन लावतो."
मी ताटावरून उठले.

१० ऑक्टो.
परभणी. सगळी शोरूमं पालथी घातली. पुढं काचा, फुगे, गुळगुळीत बोलणारी पोरं. "मॅडम, ॲपवर गाणी लागतात." गाणी? मला काय वरात काढायचीय? पुढचं काही बघायचंच नाही, हे ठरवूनच गेले होते. चपला झटकल्यासारखं करायचं आणि मागच्या शेडकडं वळायचं. तिथं खरं कळतं. एका ठिकाणी मागं धूळ खात गाड्यांची रांगच. एका गाडीवर दसऱ्याचा हार अजून वाळत होता. म्हणजे आमच्यासारखं अजून कुणीतरी पूजा करून फसलं. दुसरीकडं विचारलं, कंट्रोलर, म्हणजे मोटर चालवणारा पार्ट, दुकानात आहे का? "मागवावा लागंल." पुढं चला.
स्टेशन रोडच्या गल्लीत लहानसं दुकान. गाडी साधी, रंग भेंडीसारखा. ॲप नाही. बॅटरी उचलून घरात नेता येते. साधे ड्रम ब्रेक. कंट्रोलर, चार्जर कपाटात तयार, आणि झरीचाच एक पोरगा त्यांच्याकडून दुरुस्ती शिकून गेलेला. मी म्हणाले, बादलीभर पाणी ओता हिच्यावर. मालक आधी हसला. मग माझं तोंड बघून ओतलं. चावी फिरवली, चालू.
हीच.

१३ ऑक्टो.
घरात कल्ला. आत्याबाई, म्हणजे सासूबाई, म्हणाल्या, "घरचं दुकान सोडून परक्याला पैसा? पाव्हण्यात तोंड दाखवायला जागा ठेवती का न्हाई?" घरचं दुकान! घरच्या दुकानानंच तर मला चिखलात चालवलं.
संध्याकाळी बापूरावांचा फोन, स्पीकरवर. हसत हसत म्हणाले, "पाडव्याला येताव ना गाडी न्यायला? मग भाऊबिजीला संगीताला धाडतो तुमच्यासंगच."
आणि नाही आलो तर? हे विचारायचं धाडस ह्यांना झालं नाही. नुसतं "हो, हो" करत बसले. फोन ठेवल्यावर तोंड उतरलेलं. त्यांना बहीण एकच. दाजी, म्हणजे संगीताचा नवरा, भावापुढं तोंड उघडत नाही. सगळं घर त्या एका माणसाच्या मुठीत.
स्कूटर विकायला बाईला अडवून धरतो. ह्याला धंदा म्हणायचं?

१६ ऑक्टो.
संगीताचा फोन. "वैनी, घ्या ना हितलीच. कशीबी चालवा. माझ्यासाठी." मी ओरडलेच. लसीचा डबा तू उचलणार का म्हणाले. ती मग हळूच, "आमच्या घरी कुणीच चालवत न्हाई ती. दीर सोता पेट्रोलवर फिरतेत." आणि फोन कट.
लग्न होऊन आले तेव्हा ह्या घरात माझ्याशी नीट बोलणारी ती एकच होती. तिच्यावर ओरडायला नको होतं. पण मग कुणावर ओरडू?

१९ ऑक्टो.
हे म्हणतात, "मी सोडत जाईन की तुला रोज." आजवर किती वेळा सोडलंय? तोंडावर विचारलं. हे उठून बैलाला पाणी दाखवायला गेले.
संगीता भाऊबिजीला आली नाही तर जन्मभर माझ्याच नावानं बोलतील. माहितीय मला. भीती वाटते. पण वालूरची गाडी घेतली तर पुन्हा पुढच्या दसऱ्याला तेच, आणि त्यानंतरही तेच.

२२ ऑक्टो. पाडवा.
सकाळी ह्यांना ओवाळलं. एकटी परभणीला गेले आणि ती भेंडीच्या रंगाची गाडी घेऊन आले. दारात आणली तर आत्याबाई भाकरतुकडा घेऊन बाहेर आल्या नाहीत. माझं मीच गाडीला कुंकू लावलं. हे ओसरीतून बघत होते. म्हणाले, "संगीताचं काय आता?"


२३ ऑक्टो. भाऊबीज.
सकाळपासून पाट मांडलेला. हे आंघोळ करून, नवा सदरा घालून बसलेले. वालूरहून फोन नाही. आत्याबाई माझ्याकडं बघायलासुद्धा तयार नाहीत. भाकरी थापताना त्यांचे हात इतके आपटत होते की काठवट हलली.
दुपारी माझ्या मोबाईलवर संगीता. "वैनी, परभणी स्टेशनावर उतरलेय. एकटीच. कुणाला सांगितलं न्हाई. तुमीच या, दादाला नका धाडू."
गाडी काढली. रस्ताभर बापूरावांना शिव्या घालत गेले, मोठ्यानं.
ती बाहेरच्या लिंबाखाली उभी. कपड्यांची बॅग, आणि पायाशी जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं काहीतरी जड. उचलून गाडीच्या पायरीवर ठेवलं तेव्हा कळलं. शिलाई मशीनचं डोकं. लग्नात आम्ही दिलेलं. दोन दिवसांच्या भाऊबिजीला कुणी मशीन घेऊन येतं का?
ती मागं बसली आणि झरी येईपर्यंत माझा पदर घट्ट धरून होती.
तिनं ह्यांना ओवाळलं. हे खुशीत म्हणाले, "परवा सोडतो की तुला." ती म्हणाली, "बगू."
आता माझा मोबाईल वाजतोय. बापूराव. हे माझ्याकडं बघतायत, आत्याबाई संगीताकडं. ती पाटावरची रांगोळी पुसत बसलीय.