उजव्या कोपऱ्यातील ठिपका न दिसणाऱ्या तपासनिसाची रजा

प्रति,
मा. गुणवत्ता व्यवस्थापक,
पडदा-प्रकाश तपासणी विभाग,
ई-रीडर कारखाना.

विषय : डाव्या डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी एकवीस दिवसांची रजा मिळणेबाबत (अर्ज चौथा).

संदर्भ : तिसऱ्या अर्जावरील आपला शेरा, "डोळा आहे तसा ठेवावा."

महोदय,

संदर्भातील शेरा अर्जदाराने उजव्या डोळ्याने वाचला. त्यावर खालील निवेदन सादर आहे.

१. अर्जदार नऊ वर्षे टेबल क्र. ३ वर तपासनीस आहे. काळ्या पेटीच्या भोकाला डावा डोळा लावायचा, नजर पडद्याच्या मधल्या फुलीवर रोखायची आणि उजेड पानभर सारखा आहे की कुठे पिवळट पट्टा, सावली वा पांढरा ठिपका आहे, हे चार सेकंदांत ठरवायचे. दोष दिसला नाही की शिक्का मारायचा, असा नियम आहे.

२. गेल्या महिन्यात ग्राहकांकडून दोनशे बारा ई-रीडर परत आले. सर्वांच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात ठिपका होता आणि सर्वांच्या पाठीवर अर्जदाराचा शिक्का. डॉक्टरांनी तपासून सांगितले, "डोळ्यातला पडदा सुटतोय, म्हणून त्या कोपऱ्यातलं दिसत नाही. महिन्याच्या आत शस्त्रक्रिया करा, नाहीतर हा डोळा विसरा." त्या महिन्याचे नऊ दिवस शिल्लक आहेत.

३. दुर्दैवाने त्याच आठवड्यात चार लाख पडदे आले, आणि प्रत्येकाच्या नेमक्या त्याच कोपऱ्यात ठिपका निघाला. पर्यवेक्षकांनी अर्जदाराच्या खांद्यावर हात ठेवला. "अहो, दुसऱ्या कुणी शिक्का मारला तर ती लबाडी. तुम्हाला खरंच दिसत नाही, म्हणजे तुमचा शिक्का सोळा आणे खरा! अशी नजर मागून मिळते का?" तेव्हापासून तो सगळा माल टेबल क्र. ३ वर येतो. अर्जदाराचा डावा डोळा उपकरणांच्या नोंदवहीत अठराव्या क्रमांकावर चढवला असून समोर 'दुरुस्ती करू नये' असे लिहिले आहे. परवा जाहीर सत्कारही झाला. उजवा डोळा झाकायला लावून पुष्पगुच्छ त्या कोपऱ्यातून पुढे करण्यात आला. अर्जदार हात न हलवता उभा राहिला, तेव्हा टाळ्या पडल्या.

४. हा माल संपल्यावर रजेचा विचार होईल, असे आपण कळवले होते. आजच्या वेगाने तो संपायला चौदा महिने लागतील. "उजवा आहे की अजून," असेही पर्यवेक्षक म्हणाले. त्याबद्दल अर्जदार आभारी आहे.

५. तथापि काम अडू नये म्हणून अर्जदाराने बदली माणूस स्वतः शोधला आहे. टेबल क्र. ४ वरील तपासनीस हा अर्जदाराचा धाकटा मेहुणा. वय एकतीस, स्वभाव विश्वासू. गेल्या आठवड्यात जेवताना तो म्हणाला, "भावोजी, हल्ली माझ्याकडे माल फारच चांगला येतोय हो!" त्याच्या बहिणीला, म्हणजे अर्जदाराच्या पत्नीला, इतका आनंद झाला की तिने त्याला आणखी वाढले. अर्जदार मात्र जेवता जेवता थांबला. दुसऱ्या दिवसापासून त्याने ठिपक्याचा एकच पडदा, आधीचा शिक्का कागदाने झाकून, सलग चार दिवस मेहुण्याच्या तबकात सरकवला. चारही वेळा मेहुण्याने शिक्का मारला.

तरी टेबल क्र. ३ चा माल उद्यापासून टेबल क्र. ४ कडे वळवून अर्जदारास रजा द्यावी. मेहुण्यास यातले काहीही ठाऊक नाही. चौदा महिने ते तसेच राहील, याची घरातून जबाबदारी अर्जदार घेत आहे.

आपला, एका डोळ्याने नम्र,
(सही)
तपासनीस, टेबल क्र. ३

दिनांक : मुदतीचा एकविसावा दिवस

सोबत :
(१) डॉक्टरांची चिठ्ठी.
(२) चार शिक्क्यांचा पडदा, नग एक.
(३) बदली कामास मेहुण्याची संमती, साक्षीदार म्हणून त्याच्या बहिणीच्या सहीसह. दोघांना ती बढती वाटते.